लिलावाआधीच गेलेली द्राक्षं

प्रश्न : ताई, सलाम. मी नाशिकमधल्या एका जुन्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, सभासद आहे, सध्या तिचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीवर आहे. लहानपणी उपासनेत नुसतं बसलं तरी अंगावर काटा यायचा. आता नवी साउंड सिस्टीम आली, कीबोर्ड आला, ड्रम आले, तरी घरी परतताना रितं रितं वाटतं. देवाची समक्षता आमच्यातून निघून गेली, असं पुष्कळ जण बोलतात. तरुण पोरं गंगापूर रोडला एका हॉलमध्ये भरणाऱ्या नव्या फेलोशिपला जाऊ लागली आहेत. हंगामाच्या सणाला लोक आपला माल मंडळीत आणतात, त्याचा लिलाव होतो; त्यालाही पहिली रंगत नाही. द्राक्षांचे चांगले क्रेट लिलावाआधीच ओळखीपाळखीत जातात, मग लोक बोली तरी कशावर लावणार? आम्ही एकवीस दिवसांचा उपवास आणि शेवटी तीन रात्री उज्जीवन सभा, म्हणजे विश्वास पुन्हा जागवणाऱ्या सभा, ठरवल्या आहेत. वक्ते बाहेरून येणार आहेत. समक्षता परत यावी म्हणून आणखी काय करावं? की मीही तिकडेच जावं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सलाम, दादा. उपवासाचं आणि वक्त्यांचं तुम्ही ठासून लिहिलंत आणि द्राक्षांचं जाता जाता. मी मात्र त्या क्रेटपाशीच अडकले.

बायबलमधलं पहिलं शमुवेल काढा, दुसरा अध्याय. म्हातारा याजक एली याचे मुलगे हफनी आणि फिनहास शिलोला, परमेश्वराच्या मंदिरात, याजक होते. कोणी यज्ञ केला, मांस शिजायला लागलं, की याजकाचा चाकर तीन दातांचा काटा घेऊन हजर. पातेल्यात काटा खुपसायचा, वर येईल ते याजकाचं. संडे स्कूलची पोरं इथे हमखास हसतात. पुढचं ऐकून हसत नाहीत. पुढे पुढे तर चरबी देवाला जाळण्याआधीच चाकर म्हणायचा, कच्चंच दे, नाही दिलंस तर हिसकावून घेईन. परिणाम काय झाला? लोकांना परमेश्वराच्या अर्पणाचाच वीट आला. ‘बोली तरी कशावर लावणार’ असं तुम्ही लिहिता ते दुसरं काय आहे?

आता चौथा अध्याय. इस्राएलाचे शत्रू पलिष्टी, त्यांच्याशी लढाईत इस्राएलाची चार हजार माणसं पडली. वडीलजन जमले आणि म्हणाले, आज परमेश्वराने आपल्याला मार का खाऊ घातला? प्रश्न एकदम बरोबर. पण उत्तरासाठी ते घटकाभरही थांबले नाहीत. त्याच दमात ठरवलं, शिलोहून कराराचा कोश, म्हणजे देवाच्या समक्षतेची खूण असलेली पवित्र पेटी, आणू या, म्हणजे तो आपल्याला वाचवील. कोश आला. सोबत तेच दोघे काटेवाले भाऊ. छावणीत असा जयघोष झाला की भूमी दणाणली. तेव्हा ना अॅम्प्लिफायर होता ना सबवूफर. पलिष्टीसुद्धा घाबरले. आणि त्या दिवशी इस्राएलाचे तीस हजार पडले, कोश शत्रूने नेला, दोघे भाऊ मेले. बातमी ऐकून म्हातारा एली आसनावरून मागे पडला आणि मान मोडून गेला. सून प्रसूत झाली, तिने बाळाचं नाव ईखाबोद ठेवलं आणि म्हणाली, इस्राएलाचं वैभव गेलं. ते त्या दिवशी गेलं नव्हतं, दादा. पातेल्यापाशी कधीचं गेलं होतं. कळलं त्या दिवशी.

तुमच्या सभेच्या आड मी येत नाही. पण तीन रात्री भूमी दणाणली आणि चौथ्या दिवशी क्रेट पुन्हा गाडीच्या डिकीत गेले, तर काय साधलं?

परत येण्याविषयी तुम्ही विचारलंत, तेही तिथेच आहे. कोश सात महिने पलिष्ट्यांकडे होता. इस्राएलातून कोणी आणायला गेलं नाही. पलिष्ट्यांनीच कंटाळून नवी गाडी केली, दोन दुभत्या गाई जुंपल्या, त्यांची वासरं घरी कोंडली. गाई हंबरत हंबरत, डावीउजवीकडे न वळता, थेट बेथ-शेमेशच्या वाटेला लागल्या. त्या वेळी बेथ-शेमेशचे लोक खोऱ्यात गव्हाची कापणी करत होते. कसली सभा नव्हती की जागरण नव्हतं. देव आपण होऊन आला. पण आलेल्याला ठेवून घेणं त्यांना जमलं नाही. कोशात डोकावले, माणसं मेली, तेव्हा म्हणाले, हा इथून पुढे न्या. मग किर्याथ-यारीमला वीस वर्षं. लोक परमेश्वरासाठी झुरत राहिले. शमुवेल संदेष्ट्याने त्यांना सांगितलं, आधी परके देव काढून टाका. ते काढले. उपवास त्यानंतर, मिस्पाला. तुमचा क्रम उलटा आहे एवढंच माझं म्हणणं.

केडगावचं उज्जीवन आपल्याकडे भाषणात फार घेतात. तुमचे वक्तेही घेतील, लिहून ठेवा. 1905 च्या जानेवारीत पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमधल्या मुलींना रोज प्रार्थनेला बोलावलं, सत्तर जणी आल्या, जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या आणि जूनअखेरीस ते घडलं. एवढं सांगून माइक खाली ठेवतात. पण त्या मुली कोण होत्या? दुष्काळातून उचलून आणलेल्या, टाकलेल्या विधवा, अनाथ. 1896 च्या दुष्काळापासून बाई त्यांच्या पोटापाण्याचं आणि शिक्षणाचं बघत होत्या. तिथे अन्नावर पहिला हात उपाशी पोरीचा होता. आणि उज्जीवन आल्यावर मुलींनी काय केलं? रडून रडून आपली पापं कबूल केली. तुमच्या पत्रिकेत कबुलीला वेळ ठेवला आहे का? कमिटीच्या कबुलीला?

लहानपणी अंगावर येणाऱ्या काट्याविषयी थोडं. बायबलमधल्या एज्राच्या पुस्तकात, यरुशलेमच्या दुसऱ्या मंदिराचा पाया घातला तेव्हा तरुण आनंदाने ओरडत होते आणि पहिलं मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्याने रडत होते. कोण हसतंय, कोण रडतंय, ओळखू येईना. म्हाताऱ्यांचं रडणं खरं होतं, पण त्यावरून देव गेला असं ठरत नाही. ड्रमवरही फार राग नको. नारायण वामन टिळकांची भजनं आज आपल्याला जुनी आणि पवित्र वाटतात, पण इंग्रजी चालींच्या गीतांना सरावलेल्या कानांना तीही एके काळी नवीच होती.

तर करायचं काय. पुढच्या मीटिंगमध्ये, उज्जीवनाच्या बजेटआधी, लिलावाचा विषय तुम्ही मांडा. येईल तो माल सगळ्यांसमोर वेदीपुढे ठेवायचा, यादी मोठ्याने वाचायची, कमिटीवाल्यांनी बोली लावायची ती सगळ्यांत शेवटी. दोन पेट्या लिलावात घालूच नका; मंडळीतल्या विधवांच्या घरी पोचवा, बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकात दशमांशाचा, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या भागाचा, जो नियम आहे त्यात त्यांचा वाटा आहेच. कोणीतरी चिडेल. क्रेट कोणाच्या डिकीत जातात हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून तर नाव न घालता लिहिलंत. त्या माणसाला आधी एकट्याला गाठा, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात सांगितलंय तसं. चारचौघांत नको. आणि एखादा क्रेट तुमच्याही घरी आला असेल, तर बोलणं तिथूनच सुरू करा, सोपं जाईल.

गंगापूर रोडला जायचं तर एखाद्या रविवारी खुशाल जा, गाणी चांगली असतील. कायमचं जायचं ठरलं, तर पाळकसाहेबांच्या घरी जाऊन तोंडावर सांगून जा. पण हंगामाचा सण होईपर्यंत थांबा. कमिटीवर तुम्ही आहात, तिथे हात वर करणारं एक माणूस तरी लागेल.