‘आपण’ आणि ‘आम्ही’ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे घर निपाणीत आहे. थोरली सून चिकोडीकडच्या कन्नडभाषक घरातली. लग्नानंतर ती मराठी शिकली आणि आता चांगली बोलते. मात्र पाडव्याच्या दिवशी शेजारीण बसलेली असताना ती मला म्हणाली, ‘आत्या, यंदा आम्ही आमच्या घराला रंग देऊ या की.’ सून वेगळी चूल मांडायच्या विचारात दिसते, असे शेजारणीने नंतर मला सुचवून पाहिले. मला तसे वाटत नाही. पण तिचे ‘आम्ही’ कानाला खटकते, हे खरे. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांत नेमका फरक कोणता आणि तो तिला कसा सांगावा?

उत्तर : शेजारणीच्या तर्काकडे लक्ष देऊ नका. सुनेच्या मनात दुजाभाव नाही याचा पुरावा तिच्याच वाक्यात आहे, आणि तो ‘देऊ या’ या क्रियापदात आहे. (एरवी या सदरात वाचकांना ‘आपण’ म्हणण्याचा प्रघात आहे, परंतु आज त्याच शब्दाची चिकित्सा करायची असल्याने घोटाळा नको म्हणून सर्वांना ‘तुम्ही’ म्हणत आहे. राग नसावा.)

‘आम्ही’ म्हणजे मी आणि माझ्या बाजूची माणसे. ज्याच्याशी बोलणे चालले आहे तो ऐकणारा त्यात नाही. ‘आपण’ म्हणजे मी, माझी माणसे आणि ऐकणाराही. ‘आम्ही जेवलो’ असे पाहुण्याला सांगितले तर त्याचे ताट अजून वाढायचे आहे, आणि ‘आपण जेवलो’ म्हटले तर त्याचाही हात धुऊन झाला आहे. एवढ्या एका शब्दावर ऐकणारा उंबऱ्याच्या आत की बाहेर, हे ठरते, आणि म्हणूनच सासू-सुनेत किंवा भावाभावांत तो चुकीच्या जागी पडला की लागतो. दोन सख्खे भाऊ बोलत असताना एकाने दुसऱ्याला ‘आमच्या बाबांनी ही जमीन घेतली’ असे म्हटले, तर तिसरा ऐकणारा त्यांना चुलतभाऊ समजेल, नाहीतर वाटणीचा दावा कोर्टात आहे असे समजेल.

आता क्रियापदाकडे येऊ. ‘जाऊ या’, ‘देऊ या’, ‘बसू या’ हे रूप मराठीत ‘आपण’शीच जुळते, कारण त्यात ऐकणाऱ्याला सोबत येण्याचे आवाहन असते. ‘आम्ही जाऊ का?’ ही परवानगीची विचारणा आहे आणि ‘आपण जाऊ या का?’ हे बोलावणे आहे. तुमच्या सुनेने क्रियापद बोलावण्याचे वापरले आणि सर्वनाम मात्र वगळण्याचे. वेगळे व्हायचे मनात असते, तर तिने ‘आम्ही आमच्या खोलीला रंग देतो’ असे म्हटले असते.

हे असे का झाले, याचे उत्तर तिच्या माहेरच्या भाषेत आहे. आजच्या कन्नडात ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या दोहोंसाठी ‘नावु’ हा एकच शब्द आहे, आणि ‘आमचे’ व ‘आपले’ या दोहोंसाठी ‘नम्म’. ऐकणाऱ्याला सामावून घेण्याचे काम तिथे बरेचसे क्रियापद करते : ‘होगोण’ म्हटले की ‘चला, जाऊ या’ हा अर्थ आलाच, मग सर्वनामाने वेगळी खूण करण्याची गरज उरत नाही. सुनेने ‘नावु’च्या जागी ‘आम्ही’ ठेवले, ‘नम्म’च्या जागी ‘आमच्या’ ठेवले आणि क्रियापद मात्र अचूक मराठी वापरले. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथील बोलींवर जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा एक प्रसिद्ध अभ्यास 1971 साली प्रकाशित झाला. मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या एकाच गावात बोलल्या गेल्यामुळे शब्द आपापले राहिले, पण वाक्यांची घडण मात्र एकसारखी होत गेली, असे त्यांना दिसले. निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर या पट्ट्यात कान उघडे ठेवून हिंडणाऱ्याला हे सांगायला अभ्यासकाची गरज नाही, हा भाग वेगळा.

यातली गंमत अशी, की मूळ संस्कृतात हा भेद नाही. तिथे ‘वयम्’ एकच, आणि हिंदीतही बहुधा ‘हम’वरच भागते. ‘आम्ही’ हे ‘अस्मद्’पासून प्राकृतातील ‘अम्हे’च्या वाटेने आले, ‘आपण’ मात्र ‘आत्मन्’पासून, म्हणजे ‘स्वतः’ या अर्थाच्या शब्दापासून आले. जुन्या मराठीत ‘आपणपें’ म्हणजे स्वत्व. स्वतःचा वाचक असलेला शब्द पुढे ऐकणाऱ्याला पोटात घेणारा झाला. गुजरातीतही ‘अमे’ आणि ‘आपणे’ अशी अगदी हीच जोडी आहे. द्राविडी भाषांचा शेजार हे याचे कारण असावे, असे अनेक भाषाभ्यासक मानतात, कारण तमिळ, तेलुगू, मल्याळम आणि तुळू या भाषांत हा भेद पक्का आहे. तेलुगूत ‘मनमु’ म्हणजे आपण आणि ‘मेमु’ म्हणजे आम्ही. आपल्या अगदी दाराशी असलेल्या कन्नडाने मात्र तो सोडून दिला. (या वाक्यातला ‘आपल्या’ वाचकांसह आहे, हे वेगळे सांगायला नकोच.)

सुनेला नियम सांगत बसू नका. ‘नावु’ म्हणताना मनात समोरचे माणूस धरले आहे की नाही, एवढेच तिने स्वतःला विचारावे. धरले असेल तर ‘आपण’, नसेल तर ‘आम्ही’. आणि ‘या’ने संपणारे क्रियापद तोंडी येत असेल, तर विचारायचीही गरज नाही, तिथे ‘आपण’च.

मात्र ‘आम्ही’ परकेपणाचे आणि ‘आपण’ जिव्हाळ्याचे, असा सोपा निष्कर्ष कोणी काढू नये. बेळगावचा माणूस पुण्यातल्या स्नेह्याला ‘आमच्या बेळगावचा कुंदा’ म्हणून डबा पुढे करतो, त्यात परकेपणा कुठे असतो? तिथे ‘आपल्या बेळगावचा’ म्हटले तर तो पुणेकर स्वतःला बेळगावकर समजू लागेल. नवऱ्याचा उल्लेख शेजारणीपाशी ‘आमचे हे’ असाच व्हायला हवा. ‘आपले हे’ म्हटले तर अनर्थ ओढवेल. उलट ‘आपण’ही नेहमीच उदार असते असे नाही. स्थळ पाहताना दबक्या आवाजात ‘मुलगा आपल्यातलाच ना?’ असे विचारले जाते, तेव्हा तो ‘आपल्यातला’ ऐकणाऱ्याला जवळ घेतो तो गावातल्या उरलेल्या सगळ्यांना कुंपणाबाहेर ठेवण्यासाठीच. ‘आम्ही’ने फक्त ऐकणारा वगळला जातो, या ‘आपल्यातला’ने कोण कोण वगळले जाते, याची मोजदाद करणे कठीण.

एकाच वाक्यात दोन्ही शब्द कसे नांदतात हे पाहायचे असेल, तर तुकोबांचे ‘आम्ही जातो आपुल्या गावा’ आठवावे. ‘आम्ही’त ऐकणारे नाहीत, ते मागे राहणार आहेत, म्हणून तर पुढे रामराम घेण्याची विनंती आहे. ‘आपुल्या’ हा मात्र सर्वांचा अशा अर्थी नसून, ‘आमच्या स्वतःच्या’ अशा अर्थी आला आहे. तो ‘आत्मन्’चा मूळ अर्थ आहे, आणि पुढच्या प्रश्नाचा सगळा गुंता त्यातूनच निर्माण होतो.

प्रश्न : मी बेळगावातील एका पतसंस्थेत सभेचे इतिवृत्त लिहितो. मागच्या सभेचे इतिवृत्त वाचून दाखवताना ‘चेअरमन साहेबांनी सांगितले, की आपण राजीनामा देणार नाही’ या वाक्यावर वाद झाला. काही संचालकांनी ‘आमच्या वतीने तुम्ही कसे सांगितले?’ असे चेअरमनना विचारले. वाक्य चुकले आहे का? तसेच पत्रात ‘आपणांस’ लिहावे की ‘आपल्याला’?

उत्तर : व्याकरणदृष्ट्या वाक्य चुकलेले नाही, पण इतिवृत्तात ते ठेवण्याजोगे नाही. शाळेत मराठीची मूळ सर्वनामे नऊ म्हणून पाठ करून घेत : मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. या यादीत ‘आम्ही’ नाही, कारण ते ‘मी’चे अनेकवचन आहे. ‘आपण’ आहे, कारण ते कोणाचेच अनेकवचन नाही. त्याला स्वतःची ठरलेली व्यक्ती नसल्याने वाक्यात ज्याचा आधार मिळेल त्याला ते चिकटते.

तुमच्या वाक्यात तीन आधार उपलब्ध आहेत. पहिला ‘चेअरमन साहेब’ : चेअरमन स्वतः राजीनामा देणार नाहीत. दुसऱ्याचे म्हणणे ‘की’ जोडून सांगताना बोलणाऱ्याच्या ‘मी’चा ‘आपण’ करण्याची रीत मराठी वर्तमानपत्रांत रुळलेली आहे आणि तुम्हांला हाच अर्थ अभिप्रेत असणार. दुसरा आधार सभा : आपण सगळे संचालक राजीनामा देणार नाही. संचालकांनी हाच धरला आणि तेही चुकले नाहीत. तिसरा आधार समोरचा आदरणीय श्रोता : तुम्ही राजीनामा देणार नाही. हा तिसरा अर्थ तुमच्या सभेत कोणाला सुचला नाही, हे बरेच झाले.

एरवी क्रियापद ही अडचण सोडवते. ‘आपण आलो’ म्हणजे मी आणि तुम्ही, ‘आपण आलात’ म्हणजे आदराने तुम्ही. तिथे गोंधळाला वाव नाही. पण ‘देणार नाही’, ‘द्यायला हवे’, ‘बांधील नाही’ अशा रचनांत क्रियापदावर व्यक्तीची खूण ठळक उरत नाही, आणि ठरावांची भाषा नेमकी अशाच रचनांनी भरलेली असते. म्हणून माझा सल्ला असा, की इतिवृत्तात आणि नोटिशीत या ‘आपण’ला थाराच देऊ नये. ‘स्वतः राजीनामा देणार नसल्याचे चेअरमन साहेबांनी सांगितले’ किंवा ‘संचालक मंडळ राजीनामा देणार नसल्याचे चेअरमन साहेबांनी सांगितले’ यांपैकी जे घडले असेल ते लिहावे. थकबाकीच्या बाबतीत तर हे अधिकच पाळावे. ‘आपण थकबाकी भरावी असे ठरले’ या वाक्यावर कर्जदार सभासद आनंदाने बोट ठेवील आणि संस्थेनेच ती भरायची ठरवले आहे, असे म्हणेल.

पत्रात आदरार्थी ‘तुम्हाला’ या अर्थी ‘आपणांस’ लिहावे. ‘आपल्याला’ बोलण्यात चालते, पण त्याचा अर्थ ‘तुम्हांला आणि मला’ असाही होतो. ‘आपणांस’ सहसा पत्र घेणाऱ्याकडेच जाते. आदरार्थी अनेकवचन असल्याने ‘णा’वरचा अनुस्वार नियमाने द्यायला हवा, जरी सरकारी पत्रांतही तो हल्ली गळालेला दिसतो.

लग्नपत्रिका मात्र या सर्व अर्थांना एकाच पानावर सुखाने नांदवते. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ यातील ‘आमचे’ यजमानांचे. ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे’ यातील ‘आपली’ पाहुण्याची. शेवटी ‘आपले नम्र’ म्हणजे तुमचे नम्र. आणि खाली कोपऱ्यात ‘आमच्या काकांच्या लग्नाला यायचं हं!’ म्हणणाऱ्या बालगोपाळांचा ‘आमच्या’ पुन्हा यजमानांकडचा. सीमाभागात पत्रिकेची दुसरी बाजू कन्नडात छापली, तर तिथे ‘तावु सकुटुंब परिवार समेतरागि’ असे आमंत्रण असते. हा ‘तावु’ ‘आपण’चा अगदी जुळा भाऊ आहे : आदराने ‘तुम्ही’ म्हणायलाही तोच आणि ‘ते स्वतः’ असे म्हणायलाही तोच. सर्वसमावेशक ‘आपण’ कन्नडाजवळ नसला, तरी आदराचा आणि आत्मवाचक ‘आपण’ आहे. पहिल्या प्रश्नातील सूनबाईंना हा धागा दाखवला, तर त्यांना मराठी ‘आपण’ची निम्मी वाट आधीपासूनच ठाऊक असल्याचे लक्षात येईल.

प्रश्न : ‘मी आपला गप्प बसलो’ यात ‘आपला’ कोणाचा? खानापूरच्या शाळेत सातवीच्या विद्यार्थ्याने विचारले आणि मला सांगता आले नाही.

उत्तर : कोणाचाच नाही. हा ‘आपला’ मालकी दाखवत नाही. बोलणाऱ्याने आपल्या कृतीचे वजन थोडे कमी केले आहे, एवढेच तो सांगतो. ‘उगाच’, ‘सहज’, ‘बिचारा’ या शब्दांच्या सीमेवर त्याचा अर्थ फिरतो. मात्र तो लिंगवचनाने बदलतो : ‘ती आपली कामाला लागली’, ‘ते आपले निघून गेले’, आणि क्रियेविषयी बोलताना ‘आपलं सहज विचारलं’.

विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट दाखवता येईल. ‘त्याने आपली सायकल विकली’ हे चांगले मराठी आहे आणि सायकल त्याची स्वतःचीच आहे. ‘त्याने त्याची सायकल विकली’ म्हटले तर ती दुसऱ्या कोणाची असण्याची शंका येते. पण ‘मी’ कर्ता असेल, तर मराठी माणूस ‘मी माझी सायकल विकली’ असेच म्हणतो. हिंदीत ‘मैंने अपनी साइकिल’ चालते म्हणून ‘मी आपली सायकल विकली’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला वाटेल की पोराने वैतागून सायकल आपली विकून टाकली.