‘जिवंत जीवाश्म’ म्हणावं का?

प्रश्न असा : पेलिकन कोळी (स्पायडर) या गटाला एका लेखात ‘जिवंत जीवाश्म’ म्हटलंय. जिवंत आहे तर जीवाश्म कसा? हा वदतोव्याघात नाही का?

आहेच, पण मुद्दाम केलेला. हा शब्दप्रयोग डार्विनचा, १८५९ सालचा. मराठीने तो शब्दशः उचलला. या कोळ्यांना तो इतरांपेक्षा जास्त शोभतो, कारण आर्किइडी हे त्यांचं कुळ विज्ञानाला आधी मेलेलंच भेटलं. कोख आणि बेरेंट या अभ्यासकांनी १८५४ मध्ये बाल्टिक भागातल्या तृणमण्यात (अंबरमध्ये) अडकलेल्या कोळ्याचं वर्णन केलं. मादागास्करमधल्या जिवंत जातीचं वर्णन आलं १८८१ मध्ये. (‘अश्म’ म्हणजे दगड आणि तृणमणी म्हणजे घट्ट झालेली राळ, हा कीस कुणी काढलाच तर काढू द्यावा. ‘जीवाश्म’ची व्याप्ती आता दगडापुरती उरलेली नाही.)

मला खटकतं ते वेगळंच. ‘जिवंत जीवाश्म’ वाचलं की कोट्यवधी वर्षांत या प्राण्यात काही बदललंच नाही असं वाटतं. एकूण घडण जुनी आहे, हे खरं : उंच मानेसारखं डोकं आणि लांबलचक जबडे. हे कोळी दुसऱ्या कोळ्यांना खातात. जबडा झटक्यात बाजूला फाकवून भक्ष्य टोकाशी टोचून धरतात, म्हणजे त्याचे विषारी दात अंगापर्यंत पोचत नाहीत. पण मान किती उंच, जबडे किती लांब, हे जातीगणिक बदलतं. २०१८ मध्ये एकट्या मादागास्करमधून १८ नव्या जाती नोंदवल्या गेल्या. गोठून राहिलेल्या गटात एवढी विविधता कुठून येणार? तेव्हा हा शब्द वापरायचाच तर कुळाला वापरावा, एखाद्या जातीला नको.

भूगोलाबद्दल लिहिताना मात्र मी ‘अवशिष्ट गट’ म्हणेन, म्हणजे एकेकाळी दूरवर पसरलेल्या गटाचा उरलेला भाग. आज हे कोळी मादागास्कर, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातच आहेत. जीवाश्म मात्र युरोप, म्यानमार आणि चीनमधले, त्यांतले चीनमधले ज्युरासिक काळातले. पॅन्जिया हा एकसंध महाखंड फुटून खंड दुरावले तशा उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या शाखा वेगळ्या झाल्या आणि पुढे उत्तरेकडची नामशेष झाली. म्हणून त्यांना ‘मूळचे मादागास्करचे’ म्हणणंही चूक.

जाता जाता शुद्धलेखन : ‘जिवंत’मधला जि ऱ्हस्व, ‘जीवाश्म’मधला जी दीर्घ. शेजारी-शेजारी आले की दोन्ही सारखेच लिहिले जातात.