अनंताच्या कळ्या गळतात, पानं पिवळी पडतात

प्रश्न (काटोल तालुका): संत्र्याच्या बागेला लागून लहान पॉलिहाऊस आहे. त्यात अनंताच्या २०० कुंड्या आहेत. डिसेंबर लागल्यापासून पानं पिवळी पडताहेत, कळ्या उमलण्याआधीच गळतात. थंडीनं होत असेल का? युरिया देऊ का?

उत्तर: भाऊ, युरिया आत्ता अजिबात देऊ नका. त्यानं कोवळी फूट निघेल आणि थंडीत तीच आधी करपेल.

एक पिवळं पान उन्हासमोर धरून पाहा. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला, तर हा तुमच्या संत्र्यावर पडतो तोच केवडा. म्हणजे लोहाची कमतरता. अनंताला आम्लधर्मी माती लागते, सामू (म्हणजे पीएच) ५ ते ६. आपली काळी माती चुनखडीची, त्यात बोअरचं पाणी जड. कुंडीच्या काठावर पांढरा थर साचला असेल तर तो त्या पाण्यातला क्षार आहे. अशा माती-पाण्यात सामू चढतो, मग लोह मातीत असतं, पण मुळांना मिळत नाही. थंडीनं माती गारठली की मुळं आणखी मंदावतात, म्हणून हा त्रास डिसेंबरात डोळ्यांवर येतो. थंडी दोषी आहेच, पण मूळ दुखणं पाण्यात आहे.

आधी पाण्याचा आणि कुंडीतल्या मातीचा सामू तपासून घ्या. चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह) घेताना दुकानात ईडीडीएचए प्रकारच मागा. ईडीटीए चुनखडीत टिकत नाही. पाकिटावरच्या प्रमाणात पाण्यातून मुळाशी द्या. जुनी पानं पुन्हा हिरवी होतीलच असं नाही, नव्या पालवीकडे लक्ष ठेवा. पावसाळ्यात कुंड्या बदलाल तेव्हा काळी माती टाळून कोकोपीट, पानांचं कुजलेलं खत आणि थोडं शेणखत घ्या. पॉलिहाऊसच्या छतावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवलं तर फार उपयोगी पडेल.

आता कळ्यांचं. अनंताला रात्री १५ ते १८ अंश मानवतात. आपल्या नागपुरात २०१८ च्या डिसेंबरअखेर पारा ३.५ अंशांवर उतरला होता, आणि त्याच दिवसांत दुपारी बंद पॉलिहाऊस तापतं. एवढा चढउतार कळी सोसत नाही. बाजूचे पडदे दुपारी चारच्या सुमारास, आतली ऊब असतानाच सोडा; सकाळी ऊन चढलं की उघडा, नाहीतर आत दमटपणा साचून बुरशी येते. पाणी सकाळीच, थोडं थोडं आणि नियमित द्या. कळ्या धरलेल्या कुंड्या जागेवरून हलवू नका, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो. पानांच्या बगलेत कापसासारखे ठिपके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. निंबोळी अर्क फवारा.

प्रश्न (कळमेश्वर तालुका): मोगऱ्यालाही पॉलिहाऊस करू का?

उत्तर: खर्च करू नका, ताई. मोगरा आपल्या उन्हातलाच. डिसेंबरात पाणी तोडून ताण द्या, जानेवारीत छाटणी करा, मग झाडामागे १० किलो शेणखत घालून पाणी सुरू करा. मार्चपासून कळी धरेल.