धोलुओच्या दोन बोलींतले स्वर मोजताना फरक नेमका कुठे शोधायचा?

तुमचा प्रश्न असा: धोलुओच्या, म्हणजे केनियातल्या लुओ लोकांच्या भाषेच्या, दोन बोलींतल्या वक्त्यांचं ध्वनिमुद्रण हाताशी आहे, प्राट या आवाज मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिला फॉर्मंट (घसा आणि तोंडाच्या पोकळीत घुमून ठळक होणाऱ्या कंपनसंख्यांपैकी सगळ्यात खालची) मोजला, पण दर माणसाचा आकडा निराळा. मग यात बोलीचा फरक कुठला आणि माणसामाणसांतला कुठला?

आधी एक विचारते. स्वरांना नावं कशावरून दिलीत? लिखाणावरून दिली असतील तर सगळी मोजणी पुन्हा करावी लागेल. धोलुओ लिहिताना ए, इ, ओ, उ, आ अशी पाचच अक्षरं वापरतात, बोलण्यात मात्र निदान नऊ स्वर आहेत. इ, ए, ओ, उ या चारही स्वरांची जोडी आहे: एक जिभेचं मूळ पुढे घेऊन म्हणायचा (त्याला मिटका म्हणू), दुसरा तसं न करता (तो ढिला किंवा उघडा). आपल्याला ‘बोल’ आणि ‘बॉल’मधला फरक कळतो, त्याच्या जवळपासचाच तिथला ओचा फरक. आपण त्यासाठी डोक्यावर चंद्र काढतो, त्यांच्या लिपीत तशी सोय नाही. गोव्यात कोकणी वाचणाऱ्यांना हे लगेच पटेल. ए आणि ओ यांचे मिटके आणि उघडे उच्चार तिथेही वेगळे आहेत आणि देवनागरीत अक्षर एकच.

मी पहिल्यांदा हीच चूक केली होती. दोन्ही ओ एकाच खणात टाकले आणि सरासरी काढली. एका गटाच्या यादीत उघड्या ओचे शब्द जास्त होते, म्हणून तिथला आकडा वर गेला आणि मी त्याला बोलीभेद समजले. दोन महिने त्यात गेले.

आता बोलींकडे येऊ. केनियात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी ‘याला’ नावाच्या नदीच्या उत्तरेला, उगेन्या-अलेगोकडे एक बोली आहे (बराक ओबामांच्या वडिलांकडच्या कुटुंबाचं कोगेलो गाव याच अलेगोतलं). किसुमू आणि दक्षिण न्यांझाकडची ती दुसरी, प्रमाण मानली जाणारी.

जिभेचं मूळ पुढे सरकलं की घशातली पोकळी मोठी होते आणि पहिला फॉर्मंट खाली येतो. म्हणून जोडीतल्या दोन स्वरांना वेगळं करणारा मुख्य आकडा हाच. पण लहान चणीच्या माणसाचे सगळेच फॉर्मंट वर असतात, त्यामुळे अलेगोच्या बाईचा ओ आणि किसुमूच्या पुरुषाचा ओ शेजारी ठेवून काहीच कळणार नाही. तुलना करायची ती एकाच माणसाच्या जोडीतल्या अंतराची. दर वक्त्याचे आकडे त्याच्याच सरासरीच्या आणि विचलनाच्या मापात बसवा, मग ते अंतर दोन्ही बोलींत सारखं आहे का ते पाहा. मात्र सगळ्यांकडून सगळे स्वर सारख्याच संख्येने घेतलेले हवेत, नाहीतर सरासरीच कलते.

इकारात जास्त जपा. समजा, बाईचा सूर 220 हर्ट्झ आहे. तिच्या आवाजात ताकद असते ती 220, 440, 660 अशा जागी, मधे काही नाही. इकाराच्या जोडीतला एक फॉर्मंट 300च्या आसपास आणि दुसरा 400च्या आसपास असेल, तर दोन्ही नेमके त्या रिकाम्या जागेत पडतात. प्राट मग जवळच्या स्वरांशाकडे ओढला जातो आणि सूर बदलला की आकडा बदलतो. त्यात धोलुओ ही तानभाषा, म्हणजे उंच-खालच्या सुरानेही तिथे अर्थ बदलतो. म्हणून जोडीतले दोन्ही शब्द एकाच तानेचे आणि सारख्याच व्यंजनांमधले निवडा. प्राटने फॉर्मंट कुठवर शोधायचे ती वरची मर्यादा पुरुषांसाठी 5000 आणि बायकांसाठी 5500 हर्ट्झ ठेवून सुरुवात करा, पण स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजातल्या कंपनसंख्यांच्या चित्रावर, फॉर्मंटची रेघ बसते का ते दर वेळी डोळ्यांनी पाहा.

ढिला इकार आणि मिटका ए यांचे फॉर्मंट अशा भाषांमध्ये बऱ्याचदा एकमेकांवर चढतात. तेव्हा आवाजाचा पोत, म्हणजे तो किती श्वासाळ किंवा किती घट्ट आहे, हेही मोजा. शेजारी शब्दातले बाकीचे स्वरही तपासा, कारण एका साध्या (जोडशब्द नसलेल्या) शब्दातले स्वर एकाच गटातले, म्हणजे सगळे मिटके किंवा सगळे ढिले असतात, अगदी य आणि व सुद्धा त्याच गटाचे होतात. तुमचं लेबल चुकलं असेल तर ते इथेच पकडलं जातं.

मग नदीच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना तेच तुकडे ऐकवा आणि कुठला शब्द ऐकू आला ते विचारा. आलेखात फरक दिसतो, पण त्यांच्या कानाला तो लागत नाही, असंही होऊ शकतं, आणि तसं झालं तर तीही नोंद लिहून ठेवा.