मिक्सर बदलावा की दुरुस्त करावा?

प्रश्न : सासूबाईंनी घेतलेला आमचा पंधरा वर्षांचा मिक्सर महिनाभरापासून चटणी वाटताना मध्येच थांबतो आणि बाजूने थोपटला की पुन्हा सुरू होतो. खालच्या फटींतून निळसर ठिणग्याही दिसतात. दुकानदाराने तो न उघडताच नवीन घेण्याचा सल्ला दिला. काय करावे?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : नवीन घेण्याची घाई कृपया करू नये. जास्त भार पडून मिक्सर थांबला असता, तर तळाचे लाल बटण दाबल्याशिवाय तो सुरू झाला नसता. आपला मिक्सर थोपटल्यावर चालतो आणि ठिणग्याही दिसतात, त्यावरून त्याचे कार्बन झिजले असण्याची शक्यता सर्वाधिक वाटते. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे हे दोन छोटे चौकोनी तुकडे स्प्रिंगच्या जोरावर कम्यूटेटरला, म्हणजे त्या फिरत्या भागावरच्या तांब्याच्या कड्याला, टेकलेले असतात. सतत घासून ते आखूड झाले की स्प्रिंगचा दाब अपुरा पडतो, स्पर्श तुटतो आणि थोपटल्यावर तेवढ्यापुरता जुळतो. मोटरच्या मानाने हा भाग अगदी स्वस्त असतो. मात्र तसाच मिक्सर चालवत राहिल्यास ठिणग्यांनी कम्यूटेटर खराब होतो आणि मग पूर्ण आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भागच, बदलण्याची पाळी येते, म्हणून दुरुस्ती होईपर्यंत तो वापरू नये.

प्लग काढून वरचा कपलर (भांडे ज्यावर बसते ती चकती) हाताने फिरवून पाहावा. तो अडखळत असेल किंवा मोटरला जळका वास येत असेल, तर दोष केवळ कार्बनचा नाही. वाइंडिंग, म्हणजे मोटरमधील तारेचे वेढे, जळले असल्यास खर्चाचा लेखी अंदाज घ्यावा. तो नव्या मिक्सरच्या निम्म्या किमतीपलीकडे जात असेल, तर मीही दुरुस्तीचा आग्रह धरणार नाही.

महाराणी रोडवरच्या विजेच्या सामानाच्या बाजारात जाणार असाल, तर जुने कार्बन काढून सोबत न्यावेत, कारण माप जुळणे आवश्यक असते. कारागिराकडे देणार असाल, तर मिक्सर आपल्यासमोर उघडायला सांगावे आणि बदललेले भाग परत मागून घ्यावेत. ही मागणी करताना संकोचण्याचे काहीच कारण नाही. सुट्या भागांसाठी कंपनीकडे विचारणा करायची झाल्यास केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये सुरू केलेले ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल पाहावे; तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

नवे कार्बन बसल्यावर सुरुवातीला थोड्या ठिणग्या दिसल्या, तर घाबरू नये. ते कम्यूटेटरच्या गोलाईला नीट बसेपर्यंत मिक्सर थोडा वेळ रिकामा चालवावा. ओल्या नारळाची घट्ट चटणी त्यानंतरच वाटावी.