गाठ आहे, पण दोष तिचाच का?

प्रिय मैत्रीण,

सात महिने पाळी नाही, स्तनांतून दुधासारखा स्राव, प्रोलॅक्टिन या दूध आणणाऱ्या हॉर्मोनचा आकडा ९४, आणि ते हॉर्मोन बनवणाऱ्या, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत एमआरआयमध्ये ६ मिलिमीटरची गाठ. ‘ब्रेन ट्यूमर’ या शब्दानं तुमची झोप उडाली आहे आणि नवऱ्याला तुम्ही अजून काही बोललेला नाहीत.

तुमच्या पत्रातली एक ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पोट फुगतं म्हणून रोज डॉम्पेरिडोनची गोळी घेते, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. प्रोलॅक्टिनला मेंदूतलं डोपामाइन हे रसायन सतत लगाम घालत असतं; ही गोळी तोच लगाम सैल करते. ९४चा आकडा एकट्या गोळीनंही येऊ शकतो. आणि काहीही तक्रार नसलेल्या माणसांचा एमआरआय काढला, तरी साधारण दहांतल्या एकाच्या पिट्युटरीत अशी बारीक गाठ सापडते. तेव्हा प्रोलॅक्टिन गाठीमुळेच वाढलंय, हे अजून ठरायचं आहे.

डॉक्टरांना विचारून गोळी थांबवा आणि तीन दिवसांनी पुन्हा रक्त द्या. (मानसिक आजारावरच्या काही औषधांनीही प्रोलॅक्टिन वाढतं, ती मात्र कुणीही आपल्या मनानं बंद करू नयेत.) झोपेतून उठल्या उठल्या किंवा धावतपळत जाऊन रक्त देऊ नका, आधी अर्धा तास शांत बसा. सोबत गरोदरपणाची चाचणी, टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि क्रिएटिनीन (किडनीसाठी) हवंच. थायरॉइड मंदावलं तर प्रोलॅक्टिन चढतं, पिट्युटरीही फुगलेली दिसते. काही गाठी ग्रोथ हॉर्मोनही सोडतात, म्हणून त्याचा अंदाज देणारी आयजीएफ-१ ही रक्तचाचणी करायला सांगा.

एवढं करूनही आकडा चढाच राहिला, तर ती प्रोलॅक्टिनोमा, म्हणजे प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ, असण्याची शक्यता मोठी. तरी तो कॅन्सर नव्हे, आणि १० मिलिमीटरच्या आतल्या बहुतेक गाठी वाढतही नाहीत. शस्त्रक्रिया सहसा लागत नाही. प्रोलॅक्टिन उतरवणारी कॅबर्गोलिन ही गोळी बहुधा ०.२५ मिलिग्रॅमपासून, आठवड्यातून दोनदा सुरू करतात. मळमळतं, उभं राहताना चक्कर येते, म्हणून ती रात्री जेवणानंतर घ्यायची. अचानक भयंकर डोकं दुखलं आणि दिसायला अंधुक झालं, तर मात्र लगेच हॉस्पिटल गाठा.

नवऱ्याला आजच सांगा. ‘ब्रेन ट्यूमर’ म्हणू नका, ‘पिट्युटरीत ६ मिलिमीटरची गाठ, तपासण्या बाकी आहेत’ असं सांगा. त्यांना कळायला हवं याला आणखी एक कारण आहे: कॅबर्गोलिन सुरू झाल्यावर पहिली पाळी येण्याआधीच बीज सुटू शकतं. सध्या मूल नको असेल, तर काळजी पहिल्या गोळीपासूनच घ्यावी लागेल.