गाडीचा आरपीएम काटा (इंजिनाचे मिनिटाला फेरे दाखवणारा) लाल पट्ट्यापर्यंत नेला तर इंजिन खराब होतं का?

एखाद्या वेळी, इंजिन नीट तापलेलं असताना नेला तर नाही. आजच्या गाड्यांत रेव्ह लिमिटर असतो. मर्यादा आली की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इंधन तोडतो आणि इंजिन अडखळल्यासारखं "टर्र-टर्र" करतं. तो आवाज म्हणजे बिघाड नव्हे, राखणदार आहे.

मात्र तिथेच धरून ठेवू नका. आरपीएम ३००० वरून ६००० झाला की पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवरचा जडत्वाचा ताण दुप्पट नाही, चौपट होतो.

खरा धोका दोन ठिकाणी. पहिला, सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये थंड गाडी सुरू करून लगेच घूं-घूं करणं (आमच्या बिल्डिंगमध्ये एक हौशी आहेत, सगळा मजला जागा होतो). ऑइल तेव्हा घट्ट असतं, बेअरिंगपर्यंत नीट पोचलेलं नसतं. दुसरा, चुकीचा गियर. एक्सप्रेसवेवर १०० च्या वेगात पाचव्यातून चौथा टाकायला जावं आणि हात डावीकडे जाऊन दुसरा पडावा. क्लच सोडला की चाकंच इंजिनाला मर्यादेपलीकडे फिरवतात. इंधन तोडून लिमिटर काय करणार? व्हॉल्व्ह वेळेत बंद झाले नाहीत तर पिस्टनवर आदळून वाकू शकतात, आणि मग इंजिन उघडावंच लागतं.

बाकी मुंबईत काळजी उलटीच. सायन ते घाटकोपर पहिल्या-दुसऱ्यात रांगणाऱ्या गाडीचा काटा २००० च्या वर जातोय कुठे! तिथे आधी क्लच प्लेट जाते.